बेंझीन रिंगच्या ग्रुपला फिनाइल का म्हणतात, बेंझाइल का नाही?

फार चांगला प्रश्न विचारलात. क्लासमध्ये हे कोणी सांगत नाही, नुसतं पाठ करून घेतात, आणि मला वाटतं बऱ्याच मुलांना ऑरगॅनिक केमिस्ट्रीची भीती तिथूनच बसते.

झालंय असं की एकाच पदार्थाला, म्हणजे सहा कार्बनची रिंग असलेल्या बेंझीनला, दोन नावं पडली आणि दोन्ही टिकली (ग्रुप म्हणजे दुसऱ्या रेणूला जोडलेला तुकडा). 1825 ला लंडनमध्ये दिव्यांसाठी गॅस दाबून भरायचे, त्यात खाली जे तेल साचायचं त्यातून फॅरेडेने हा पदार्थ वेगळा काढला. पुढे 1833 च्या सुमारास जर्मनीत मिट्शरलिखने बेंझोइक ॲसिड चुन्याबरोबर तापवून तोच मिळवला, म्हणून ॲसिडवरून नाव बेंझीन.

आणि बेंझोइक कुठून आलं, तर लोबानातून! दर्ग्यात जाळतात तोच. अरब लोक त्याला लुबान जावी म्हणायचे, म्हणजे जावाचा लोबान (सुमात्रालाही ते जावाच म्हणत). युरोपात गेल्यावर तिथल्या लोकांना सुरुवातीचा 'लु' म्हणजे त्यांच्या भाषेतलं आर्टिकल वाटलं, इटालियनमध्ये 'लो' असतं ना तसं, मग तो गळला आणि बंजावीचं बेंजॉइन, बेंझॉइन होत गेलं. म्हणजे बेंझीनमधला 'बें' लुबानचा आणि 'झ' चक्क जावाचा, मला तर हे फारच भारी वाटतं.

दुसरं नाव फ्रान्समधल्या लोराँने 1836 च्या आसपास सुचवलं, फेन. ग्रीकमध्ये फाइनो म्हणजे प्रकाश देणं, कारण पदार्थ दिव्याच्या गॅसमध्ये सापडलेला. त्याला आइल हा ग्रुपच्या नावाचा शेवट जोडून फिनाइल, आइल ग्रीक हुले वरून, मूळ अर्थ लाकूड पण इथे द्रव्य. हा आइल लिबिग आणि व्होलर या जर्मन केमिस्टनी 1832 मध्ये बेंझॉइल म्हणताना आणला होता. फिनॉल यातूनच आणि फरशी पुसायचं फिनेलही यातूनच.

आता तुमचं उत्तर. बेंझोइक ॲसिडमध्ये कार्बन सात, बेंझीनमध्ये सहा. बेंझॉइल, बेंझाल्डिहाइड, बेंझाइल ही सगळी ॲसिडच्या घराण्यातली, रिंगबाहेर एक कार्बन जास्त असलेली. ते नाव तिकडे गेलेलं, त्यामुळे नुसत्या सहा कार्बनच्या रिंगच्या ग्रुपला फेनवरून फिनाइल. परीक्षेत गोंधळ झाला तर आधी कार्बन मोजा, सातवा दिसला की बेंझाइल किंवा बेंझॉइल, आणि त्या सातव्यावर ऑक्सिजन डबल बॉन्डने असेल तर बेंझॉइल.

जर्मन पुस्तक हाती आलं तर एक लक्षात ठेवा, तिकडे बेंझीनला बेंझोल म्हणतात आणि बेंझिन म्हणजे पेट्रोल.