कानातला आवाज खरंच सवयीचा होतो का?

तुम्ही विचारलंय की तीन वर्षं कानात शिट्टी वाजते, सगळे म्हणतात सवय होईल, मग ती होत का नाही? आणि रात्री नको नको ते विचार येतात, असंही लिहिलंय.

माझी ११ वर्षं झाली. सवय अर्धीच झाली.

बेळगावच्या वडगावात यंत्रमागावर २२ वर्षं काढली. धोट्याच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं ते हातवारे करून. कानात बोळे कुणी घालत नव्हतं, कारण माग बिघडला तर आधी आवाजावरूनच कळतो. कानाच्या तपासणीच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक उंच आवाजापाशी, रेघ खाली कोसळलेली निघाली. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत, कानाकडून कमी यायला लागलं की मेंदूच स्वतःचा आवाज वाढवतो आणि तोच वाजत राहतो, असं डॉक्टरांनी समजावलं. मग कानडीत म्हणाले, "रूढी आकैतिरी." सवय होईल म्हणे.

यात दोन गोष्टींची गल्लत होते. आवाजाची धास्ती जाणं वेगळं, आवाज ऐकूच न येणं वेगळं. धास्ती माझी दोनेक वर्षांत बरीच गेली. ऐकू न येणं मात्र दिवसातले काही तास, चहाच्या गाड्यावर किंवा पत्र्यावर पाऊस पडत असताना. सर्दी, जागरण किंवा मिरवणुकीतला डॉल्बी झाला की आठवडाभर पुन्हा पहिल्यासारखं. तुमचा आवाज मोठा असेल तर "लक्ष देऊ नका" हा सल्ला म्हणजे दुखऱ्या दाताला जीभ लावू नको म्हणण्यासारखा. तुमचं काही चुकत नाहीये.

रात्री लाईट जाते ना, तेव्हा सगळ्यात वाईट. पंख्याची पाती मंदावतात, थांबतात, आणि कानातला रातकिडा वर येतो. अंधारात बायको विचारते, "परत वाजायलंय काय हो?" मी नाही म्हणतो. ती काही न बोलता सेलचा रेडिओ लावते, दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीवर.

श्रवणयंत्रानं मला खरा फरक पडला, बाहेरचं ऐकू आलं की आतलं जरा मागे सरतं. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीनं, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनानं, आवाज कमी होत नाही, त्याचा जाच कमी होतो. तेलं, थेंब, जाहिरातीतल्या गोळ्या यांत मी किती घातले ते घरी सांगितलेलं नाही.

एकाच कानात वाजत असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवाच. अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी गाठा.

आणि त्या रात्रीच्या विचारांसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं. मी एकदा पहाटे अडीचला लावला होता. पहिली पाच मिनिटं नुसता रडलो, पलीकडच्या बाईंनी फोन ठेवला नाही.