साडेसहा पडले, मग अडलं कुठं?

दर शनिवारी मी दारव्ह्यात मुलांना भेटायला बसतो. तुरीची सोंगणी चालू असतानाच्या एका शनिवारी बाप-लेक आले. मुलगी बीएस्सी ॲग्री झालेली, मातीच्या विषयात पुढं शिकायला इंग्लंडला जायचं म्हणणारी. तिला वैशाली म्हणू, खरं नाव नको. बापाच्या हातात आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशी शिकायला जाण्यासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, निकालाची झेरॉक्स होती. घडी इतकी उघडली-मिटली होती की मधोमध फाटायला आली होती.

"साहेब, नवापैकी साडेसहा म्हंजे बहात्तर टक्के झाले ना? दहावीत एवढे पडते तं पेढे वाटले असते. मंग तिथले काहून नाही म्हनते? आन् माह्या भाच्याले त्या पीटीईत बासष्ट पडले, तं तो गेलाबी!"

वैशाली मान खाली घालून म्हणाली, "सर, माझं बोलणंच वऱ्हाडी आहे. तिथंच मार्क गेले."

दोघांचंही चुकत होतं. भाच्याचं आधी मिटवलं: पीटीई ही इंग्रजीचीच, पण वेगळी परीक्षा. तिची पट्टी १० ते ९० अशी आहे, आयईएलटीएसची ० ते ९. क्विंटलचा आणि मणाचा भाव शेजारी ठेवून कोण महाग ते ठरत नाही.

आयईएलटीएसमध्ये पास-नापास नसतं, टक्केही नसतात. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांना वेगळा बँड, म्हणजे ० ते ९ मधला गुण, मिळतो. त्यांची सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्यावर नेतात. पाव आला तर वरच्या अर्ध्यावर, पाऊण आला तर पुढच्या पूर्ण आकड्यावर. वैशालीचे ७, ६.५, ५.५ आणि ६. बेरीज २५, भागिले चार, ६.२५, म्हणून साडेसहा. म्हणजे इथं तिला पावाचा फायदाच झाला होता. तिथल्या विद्यापीठाची अट मात्र दुहेरी होती: एकूण ६.५, आणि कुठल्याही भागात सहाच्या खाली नको. लिहिण्याचे साडेपाच आडवे आले होते.

बाप क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजे सीसीआयच्या कापूस खरेदीवानीच. धागा कितीबी लांब असू द्या, ओलावा बारा टक्क्याच्या वर गेला का गाडी वापस."

गेल्या कित्येक वर्षांत मला याहून बरं समजावता आलेलं नाही.

आता वऱ्हाडीचं. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. त्यात ओघ, शब्द, व्याकरण आणि उच्चार पाहतात. उच्चारात पाहतात ते समोरच्याला कळतं का एवढंच. हेल वऱ्हाडी असला म्हणून मार्क कापत नाहीत. मी तिला इंग्रजीत विचारलं, मातीचा नमुना कसा घेतात? शेतात नागमोडी चालायचं, व्ही आकाराचा खड्डा, पंधरा-वीस सेंटिमीटर खोल... दोनदा थांबली, पण चार मिनिटं बोलली. तिच्याच क्लासनं पाठ करून घेतलेलं 'माझं आवडतं शहर' मात्र तिसऱ्या वाक्याला विसरली. अशी पाठांतरं परीक्षकाला लगेच ओळखू येतात. क्लासवाल्यांना हे कळत नाही की कळून वळत नाही, देव जाणे.

लिहिण्याबद्दल मी एकच विचारलं: घड्याळ कसं वापरलंस? एका तासात दोन प्रश्न असतात. पहिला आलेखाचा, किमान १५० शब्द. दुसरा निबंधाचा, किमान २५० शब्द, आणि त्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. "आलेखाला पस्तीस मिनिटं गेली," ती म्हणाली, "एकही आकडा सुटायला नको म्हणून." निबंधाला शेवटच नव्हता. इंग्रजी कच्चं नव्हतं, वेळ चुकीच्या प्रश्नावर खर्च झाला होता.

सगळी परीक्षा पुन्हा द्यायची गरज नव्हती. संगणकावर दिलेल्या परीक्षेत मूळ तारखेपासून ६० दिवसांत एकच भाग पुन्हा देता येतो. मात्र सगळीच विद्यापीठं तो निकाल धरत नाहीत, म्हणून आधी ईमेल करायला लावला. तीन दिवसांनी होकार आला. मग रोज एक निबंध, चाळीस मिनिटांचा गजर लावून, आलेखाच्या आधी.

फेरपरीक्षेत लिहिण्याचे सहा आले. बापानं माझ्यासमोरच बेरीज केली: साडेपंचवीस, भागिले चार, ६.३७५, म्हणजे पुन्हा साडेसहाच.

"मंग वाढलं काय?"

वैशाली हसली. "बाबा, ओलावा उतरला ना!"