मकरपुऱ्यातलं स्टोअर आणि जर्मनीतलं मास्टर्स

तुझा मेसेज दोनदा वाचला. मेकॅनिकलचं बीई, मकरपुरा जीआयडीसीत व्हॉल्व्हच्या कारखान्यात चार वर्षं स्टोअर आणि डिस्पॅच, आता इन्फर्मेशन सिस्टिम्समधे मास्टर्स करायचंय, यूके की जर्मनी, आणि 'टेक्नॉलॉजीतून कॉम्पिटिटिव्ह ॲडव्हान्टेज' असले विषय शिकून खरंच नोकरी लागते का. ताई म्हणालास म्हणून सरळच सांगते. मी आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारची, इथे जर्मनीत मानहाइमला नऊ वर्षं झाली.

पैशाचं आधी उरकते. यूकेत डिग्री एका वर्षात होते पण फी जबरी, आणि नंतर राहायची मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिनेच. जर्मनीतही १८ महिने मिळतात नोकरी शोधायला, पण सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी फी नाही, आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो भरावे लागतात. शिवाय ब्लॉक्ड अकाउंटमधे वर्षाचे ११,९०४ युरो आधी टाकायचे, ते तुझेच असतात, महिन्याला ९९२ हातात येतात. एपीएसचं सर्टिफिकेट, म्हणजे तुझी भारतातली डिग्री खरी आहे ह्याचा दाखला, आत्ताच काढायला घे, त्याशिवाय फाइल हलत नाही. आणि शोधताना 'विर्टशाफ्ट्सइन्फॉर्मॅटिक' हा शब्द टाक, इथे ह्या विषयाला तेच म्हणतात, नाहीतर निम्मे कोर्स दिसणारच नाहीत. कॉम्प्युटर आणि मॅनेजमेंट दोन्हीचे क्रेडिट मोजतात, मेकॅनिकलवाले तिथेच अडकतात, तेव्हा प्रत्येक कोर्सची अट नीट वाचून मगच पैसे भर.

आता नोकरीचं. एसएपीचं गाव वॉलडॉर्फ माझ्यापासून ट्रेनने जवळ आहे, एसएपी म्हणजे १९७२ मधे आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी काढलेली सॉफ्टवेअर कंपनी. त्यांच्या जुन्या ईआरपीचा, म्हणजे खरेदी, स्टॉक, विक्री, हिशोब सगळं एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, नेहमीचा सपोर्ट २०२७ च्या शेवटी संपतोय म्हणून कंपन्यांची नव्या सिस्टिमवर जायची पळापळ चालू आहे आणि त्यात माणसं लागतात हे खरंय. पण विचार कर ना, तेच सॉफ्टवेअर पैसे टाकले की समोरच्यालाही मिळतं, मग ॲडव्हान्टेज कसला? सेव-उसळीची शेगडी आणि पातेलं कोणीही आणेल रे, तर्रीचं काय? लिडल ह्या इथल्या सुपरमार्केटवाल्यांचं बघ, सात वर्षं एसएपीचा प्रोजेक्ट चालवला, बातम्यांत ५० कोटी युरोचा आकडा होता, आणि २०१८ मधे गुंडाळला. त्यांना माल खरेदीच्या किमतीवर मोजायची सवय, सॉफ्टवेअर मोजणार विक्रीच्या किमतीवर, सवय सोडायची नव्हती म्हणून सॉफ्टवेअरच उसवत-शिवत बसले.

मी स्वतः काय केलं ते पण ऐक, हसू नको. शिकत असताना एका मशीनचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत पार्टटाइम होते. तीन आठवडे राबून डॅशबोर्ड बनवला, कोणता माणूस एक ऑर्डर काढायला किती मिनिटं घेतो, नावासकट, लाल-हिरवा. मीटिंगमधे दाखवला तर सगळे गप्प. मग एक बाई शांतपणे म्हणाली, हे बेट्रिब्सराटला विचारलंय का? बेट्रिब्सराट म्हणजे कामगारांनी निवडून दिलेलं मंडळ, आणि ज्या सिस्टिमने माणसाच्या कामावर नजर ठेवता येते ती त्यांच्या संमतीशिवाय लावताच येत नाही, कायदाच आहे तसा. डॅशबोर्ड त्याच दिवशी बंद.

मग साहेबांनी मला गोडाऊनमधे बसवलं, शिक्षाच वाटली तेव्हा. तिथे एक साठीचा स्टोअरकीपर, स्क्रीनसमोर बसून खिशातून चिठ्ठी काढून बघायचा. सिस्टिममधे ४० नग, चिठ्ठीवर ३१, आणि रॅकवर मोजले तर ३१. मला एकदम बडोद्यातलं माझं पहिलं ऑफिस आठवलं, तिथले काका टॅलीपेक्षा स्वतःच्या लाल डायरीवर विश्वास ठेवायचे, आणि आम्ही त्यांच्यावर चिडायचो! चार दिवस ह्या म्हाताऱ्याशेजारी बसल्यावर कळलं की पॉलिशला परत गेलेले नग दाखवायला सिस्टिममधे जागाच नव्हती, म्हणून ते 'शिल्लक' दिसत राहायचे आणि सेल्सवाले नसलेल्या मालाची तारीख कस्टमरला देऊन मोकळे. एक नवीन स्टेटस टाकला, बास. महिन्याभरात चिठ्ठी गेली, आणि दिलेली तारीख पाळायला लागलो तेव्हा एक जुना सुटलेला कस्टमर परत आला. मला पुढे पर्मनंट घेतलं ते ह्यावर, कोडिंगवर नाही.

म्हणून म्हणते, ती चार वर्षं लपवू नकोस. आणखी एक, तुमच्या कारखान्याचा टर्नओव्हर पाच कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून तुम्ही ई-इन्व्हॉइस, म्हणजे जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, करताय ना, क्यूआर कोड वगैरे सगळं? इथे कंपन्यांमधली ई-बिलं नुसती घेता येणं सक्तीचं झालं ते १ जानेवारी २०२५ ला, पाठवायची सक्ती २०२७ आणि २०२८ मधे टप्प्याने. म्हणजे बिल रिजेक्ट झालं की ट्रक गेटवर कसा अडतो हे तुला इथल्या बऱ्याच लोकांपेक्षा जास्त ठाऊक आहे, मुलाखतीत हे बोल.

जर्मन भाषा मात्र बी-वनपर्यंत, म्हणजे रोजचं बोलणं जमेल इतकी, बडोद्यातच करून ये, कोर्स इंग्लिशमधे असला तरी गोडाऊनमधला माणूस इंग्लिश बोलत नाही आणि खरी माहिती त्याच्याच खिशात असते.

सीव्ही पाठवलायस त्यातलं 'टीम प्लेअर' आणि 'डायनॅमिक' काढून टाक. त्याऐवजी लिही की स्टॉकमधे फरक किती नगांचा होता आणि तू तो कितीवर आणलास. आकडा माहीत नसेल तर उद्या स्टोअरमधे जाऊन मोज, अर्ज नंतर भर.