ट्राय बाईक घेण्याआधी

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शर्यतीसाठी रोड बाईक घ्यावी की ट्रायथलॉन बाईक, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो. गोव्याची ७०.३, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे मिळून ७०.३ मैलांची ट्रायथलॉन, तुझ्या डोळ्यांपुढे असली, तरी तुझी पहिली शर्यतीची सायकल रोड बाईकच असावी आणि तिच्यावर नीट बसवून घेतलेले क्लिप-ऑन एरोबार (हँडलवर जोडायचे, पुढे झुकून कोपरे टेकवण्याचे दांडे) असावेत. त्या बारवर कोपरे टेकवून तू दोन-अडीच तास फारसे न उठता सायकल चालवू शकशील, तेव्हा ट्राय बाईकचा विचार करावा. हे उत्तर तुला सावधपणाचे वाटेल, परंतु ते केवळ पैसे वाचवण्यासाठी दिलेले नाही.

निवडीपूर्वी नियमपुस्तिका उघडावी, कारण रोड रेस आणि ट्रायथलॉन या दोन खेळांत वाऱ्याशी सामना करण्याची रीतच निराळी आहे. सर्वजण एकत्र सुटतात त्या रोड रेसमध्ये स्वार एकमेकांच्या आडोशाने जातात. पुढच्याच्या चाकामागे चिकटून राहणाऱ्याची साधारण एक तृतीयांश ताकद वाचते, आणि म्हणून तिथे वळणे, ब्रेक लावणे, अचानक जोर काढून निसटणे हे सारे दाटीतच करावे लागते. एरोबारवर हात असताना ब्रेकचे लिव्हर बोटांपाशी नसतात, त्यामुळे यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमांनी चालणाऱ्या अशा शर्यतींत एरोबारला मज्जाव आहे आणि ट्राय बाईक तिथे चालतच नाही. तुला मुंबई-पुणे शर्यतीचे आणि बोरघाटात मिळणाऱ्या ‘घाटाचा राजा’ या किताबाचे आकर्षण आहे, असे तू लिहिले आहेस. त्या वाटेला जायचे असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. ऑलिम्पिकमध्ये ट्रायथलॉन २००० साली सिडनीला आले तेही ड्राफ्टिंगची, म्हणजे पुढच्याच्या आडोशाने जाण्याची, मुभा घेऊन, आणि म्हणून तिथले ट्रायथलीट आजही ड्रॉप हँडलच्या, म्हणजे टोके खाली वळलेल्या हँडलच्या, रोड बाईकवरच दिसतात.

गोव्याच्या ७०.३ मध्ये मात्र १.९ किलोमीटर पोहून बाहेर आल्यावर ९० किलोमीटर सायकल चालवायची ती एकट्याने. पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून तुझ्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर राखावे लागते, आणि त्या टापूत शिरलास तर २५ सेकंदांत ओलांडून पुढे जावे लागते, नाहीतर वेळेचा दंड बसतो. आडोसा नसल्यामुळे तुझ्या शरीराचा आकारच तुझा वेग ठरवतो, आणि ट्राय बाईकचा जन्म याच गरजेतून झाला.

आकाराचा परिणाम किती, हे तू स्वतः कागदावर मांडून पाहावेस. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. सपाट रस्त्यावर ताशी ३५ किलोमीटरने जाताना तुझ्या ताकदीचा बहुतांश भाग हवा बाजूला सारण्यातच खर्च होतो, आणि त्या विरोधातही सायकलीचा वाटा थोडा व तुझ्या शरीराचा मोठा असतो. शरीर आणि सायकल मिळून हवेला जो आडवा येणारा परिणामकारक आकार असतो, तो ड्रॉप्स (हँडलची खालची वळलेली टोके) धरून बसलेल्या स्वाराचा ०.३२ चौरस मीटर आणि एरोबारवर चांगल्या बसलेल्या स्वाराचा ०.२५ असा धरला, तर ताशी ३५ किलोमीटरला सुमारे ३७ वॅटचा फरक पडतो. तेवढीच ताकद लावून तोच स्वार ताशी ३७.७ किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे ९० किलोमीटरला सुमारे ११ मिनिटे वाचतात.

आता हेच गणित ताशी २८ किलोमीटरने जाणाऱ्या स्वारासाठी कर. त्याचा वेग कमी वाढतो, पण तो रस्त्यावर जास्त वेळ असल्यामुळे त्याची मिनिटे अधिक, १३-१४ पर्यंत, वाचतात. एरो बैठक ही केवळ वेगवान लोकांची चैन आहे, असे तुला तुझ्या ग्रुपमध्ये कोणी सांगितले असेल तर ते खरे नाही. ती तुझ्याच कामाची आहे. परंतु हा सारा लाभ बैठकीचा आहे, आणि ती बैठक रोड बाईकवर क्लिप-ऑन लावूनही बऱ्याच अंशी साधते. तिथे ०.२७ पर्यंत आलास तरी त्या ११ मिनिटांपैकी साडेसातच्या आसपास तुझ्या पदरात पडतात. उरलेल्या तीन-चार मिनिटांसाठी दुसरी सायकल घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

या बाबतीत १९८९ च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस प्रत्येक सायकलपटूला ठाऊक असावा. व्हर्सायपासून पॅरिसच्या शाँझेलीझेपर्यंतची २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याची फेरी, होती आणि ग्रेग लेमाँड लॉराँ फिन्योंपेक्षा ५० सेकंदांनी मागे होता. लेमाँडने ट्रायथलॉनमधून आलेले एरोबार लावले होते. फिन्यों ते न लावता आणि डोक्यावर काही न घालता धावला. लेमाँडने ५८ सेकंद भरून काढले आणि संपूर्ण टूर ८ सेकंदांनी जिंकली. त्या विजयात केवळ बारचा वाटा किती हे कोणी वेगळे काढू शकत नाही, पण ट्रायथलॉनमधून आलेली ती बैठक त्यानंतर रोड रेसिंगच्या टाइम ट्रायलमध्ये कायमची रुजली.

मग ट्राय बाईक वेगळी लागतेच कशाला, असा प्रश्न तुझ्या मनात येईल. त्याचे उत्तर सीट ट्यूबच्या, म्हणजे सॅडलखालच्या फ्रेमच्या नळीच्या, कोनात आहे. रोड बाईकचा हा कोन साधारण ७२ ते ७४ अंश असतो आणि ट्राय बाईकचा ७६ ते ८०. रोड बाईकवर बार खूप खाली नेऊन छाती जमिनीला समांतर केली, की पेडल वर येताना मांडी पोटावर आदळू लागते, कंबरेचा कोन मिटतो, श्वास कोंडतो आणि नितंबाच्या स्नायूंचा जोर निघत नाही. सॅडल पुढे सरकवले की सगळे शरीर पेडलच्या आसाभोवती पुढे फिरते, छाती खाली जाते आणि तरीही मांडी व धड यांमधला कोन उघडा राहतो. डॅन एम्पफील्ड यांनी १९८७ साली क्विंटाना रू ही कंपनी काढली आणि अशी उभ्या कोनाची, ट्रायथलॉनसाठीच घडवलेली सायकल पुढे आणली. आजची प्रत्येक ट्राय बाईक त्याच विचारावर उभी आहे. या बैठकीमुळे पुढच्या २१.१ किलोमीटरच्या धावण्यासाठी पाय ताजे राहतात, असेही सांगितले जाते. मी मात्र याला खरेदीचे पहिले कारण मानत नाही. तासन्‌तास खाली राहता येते, हे कारण मला पुरेसे वाटते.

याच्या मोबदल्यात ट्राय बाईक काय मागते, ते दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर कळत नाही. शरीराचे वजन पुढच्या चाकावर येते, कोपरे जवळ आलेली असतात, गिअर बारच्या टोकाला असतात आणि ब्रेक मात्र खालच्या रुंद बेसबारवर. कुत्रे आडवे आले, उलट दिशेने दुचाकी आली किंवा रंग न दिलेला गतिरोधक समोर आला, की हात एका जागेवरून दुसरीकडे नेऊनच ब्रेक लावावा लागतो, आणि ताशी ३५ किलोमीटरला प्रत्येक सेकंदात तू जवळजवळ दहा मीटर पुढे गेलेला असतोस. त्यामुळे आपल्या रस्त्यांवर नवखा स्वार ट्राय बाईक घेतो आणि भीतीपोटी बेसबार धरूनच बसतो. त्या वेळी तो उंच बसलेला असतो, गिअर बदलायला हात पुढे न्यावा लागतो (इलेक्ट्रॉनिक गिअरची बटणे दोन्हीकडे असतील तर तेवढी अडचण टळते), आणि हुड्सवर (ब्रेक लिव्हरच्या वरच्या पकडीवर) रेलून बसलेल्या रोड बाईकवाल्याइतका ताबाही त्याच्याकडे नसतो. महागड्या सायकलीवर बसून रोड बाईकपेक्षा हळू जाणारे असे अनेक जण मी पाहिले आहेत, आणि त्यांतले बरेचसे चांगले, कष्टाळू खेळाडू होते याचे मला वाईट वाटते.

घाटांचेही तसेच आहे. चढावर ट्राय बाईकच्या एखाद-दीड किलो जादा वजनाने फार बिघडत नाही. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो असतील तर एक किलोने चढाच्या वेळेत एखादा टक्का वाढेल. अडचण उताराला येते. पसरणीच्या किंवा खंबाटकीच्या उतारावर ड्रॉप्समध्ये हात आणि लिव्हरवर बोटे असणे याला पर्याय नाही, आणि सिंहगड, बोपदेव, कात्रज या तुझ्या रोजच्या वाटा आहेत. पुणे ते गोवा या डेक्कन क्लिफहँगरचा उल्लेख तू केला आहेस. अशा सहायक गाडीच्या लांब शर्यतींत अनेक स्वार दोन सायकली बरोबर ठेवतात, सपाटीला ट्राय आणि घाटाला रोड. एकच ठेवायची झाली तर कोणती, हे तुझ्या लक्षात आलेच असेल.

आता क्लिप-ऑनविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुझे यश-अपयश इथेच ठरणार आहे. रोड बाईक निवडताना हँडलबारचा मधला भाग गोल आणि ३१.८ मिलिमीटरचा आहे ना, हे पाहा. स्टेमसकट (हँडल फ्रेमला जोडणाऱ्या भागासकट) एकसंध असलेले चपटे कार्बन हँडलबार दिसायला देखणे असतात, पण त्यांतल्या बहुतेकांवर नेहमीचे क्लिप-ऑन बसत नाहीत. बार कार्बनचा असेल तर त्यावर क्लिप-ऑन लावण्याची परवानगी उत्पादकाने दिली आहे का ते वाच, आणि त्यावर लिहिलेल्या मर्यादेतच, टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच) बोल्ट आवळ. सॅडल एक-दोन सेंटिमीटर पुढे घे आणि पुढे घेतल्यामुळे पेडलपर्यंतचे अंतर कमी होते म्हणून काही मिलिमीटर वर उचल. कोपराखालचे पॅड सुरुवातीला उंचच असू देत. खाली जाण्याची घाई करणारे मान आणि कंबर धरून परत येतात, आणि वर उठून बसलेल्या स्वाराला खालच्या पॅडचा काहीच उपयोग नसतो. कंबर पुढे झुकल्यामुळे सॅडलच्या टोकावर भार येतो आणि बधिरता येते. ती सहन करत बसू नकोस, आखूड किंवा दुभंगलेल्या नाकाचे सॅडल वापरून पाहा.

सराव घरच्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवण्याच्या स्टँडवर, सुरू कर. आधी पाच मिनिटे, मग दहा, मग वीस, आणि त्या स्थितीतच पाणी पिण्याची सवय लाव, कारण प्रत्येक घोटासाठी उठणारा माणूस कमावलेले वॅट घालवत जातो. दोन्ही हातांच्या मध्ये आडवी बाटली बसवलीस तर हे सोपे होते. रस्त्यावर एरोबार वापरायचे ते पहाटे, मोकळ्या आणि ओळखीच्या रस्त्यावर, एकट्याने. ग्रुपमध्ये कोणाच्याही चाकामागे असताना हात एरोबारवर जाता कामा नयेत. ही गोष्ट मी विनंती म्हणून लिहीत नाही.

पैशांच्या क्रमाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सर्वांत आधी जाणकाराकडून बाईक फिटिंग, म्हणजे फ्रेमचा स्टॅक (पुढची उंची) आणि रीच (पुढची लांबी) किती हवा हे खरेदीपूर्वीच कळेल. मग अंगाला चिकटून बसणारा ट्रायसूट, चांगले टायर, क्लिप-ऑन आणि जमल्यास एरो हेल्मेट. खोल रिमची चाके शेवटी. फ्रेममध्ये २८ मिलिमीटरचा टायर मोकळेपणी फिरला पाहिजे. तुला कोणी जुनी ट्राय बाईक स्वस्तात देऊ करत असल्याचे लिहिले आहेस, तिच्यात नेमके हेच पाहा. जुन्या एरो फ्रेममध्ये अनेकदा २३ किंवा २५ च्या पुढे जागाच नसते, केबल फ्रेमच्या आतून अशा गुंतवलेल्या असतात की शर्यतीला नेण्यासाठी खोक्यात भरताना निम्मी सायकल उकलावी लागते, आणि ती पुन्हा जुळवणारा मेकॅनिक तुझ्या गावात नसेल तर शर्यतीच्या आदल्या दिवशी हाल होतात. साइझ एक आकड्याने जरी चुकत असेल तरी स्वस्ताईकडे पाहू नकोस. रोड बाईकवर स्टेम बदलून थोडे भागते, ट्राय बाईकवर मात्र तुझे हात, छाती आणि कंबर एका ठरलेल्या चौकटीतच बसतात.

एक हंगाम असा काढल्यावर तुझ्या शर्यती ड्राफ्टिंग नसलेल्या, ७०.३ किंवा तिच्या दुप्पट अंतराच्या पूर्ण आयर्नमॅनच्या असतील, ९० किलोमीटरपैकी ८० तू खाली राहून काढत असशील आणि त्यानंतर तुला नीट धावताही येत असेल, तर ट्राय बाईक खुशाल घे. त्या वेळी मी तुला थांबवणार नाही. पॅडची उंची, सॅडलची जागा, पोहोच हे सारे आकडे तोवर तुझ्या शरीराने ठरवलेले असतील आणि तू दुकानात ते आकडे घेऊनच जाशील. रोड बाईक मात्र तेव्हाही विकू नकोस.

फिटिंगची वेळ या महिन्यात ठरव आणि त्यातून निघालेले स्टॅक व रीचचे आकडे मला पाठव. ज्या दोन फ्रेमची नावे तू लिहिली आहेस, त्यांच्या मापांशी ते ताडून पाहू आणि त्याआधी कोणत्याही दुकानात आगाऊ रक्कम देऊ नकोस.