साठेखत झाले, आणि जमीनमालक वारले

प्रश्न: मी नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी शेती असून सातबाऱ्यावर माझे नाव आहे. गेल्या वर्षी भोर तालुक्यातील दोन एकर जिरायत जमीन चोवीस लाख रुपयांना घेण्याचे ठरवून मी मालकांबरोबर नोंदणीकृत साठेखत (पुढे खरेदीखत करून देण्याचा करार) केले आणि नऊ लाख रुपये धनादेशाने दिले. ताबा खरेदीखताच्या वेळी मिळायचा होता व खरेदीखतासाठी सहा महिन्यांची मुदत होती. दीड महिन्यातच मालक वारले. त्यांच्यामागे पत्नी, वृद्ध आई आणि दोन मुलगे आहेत. एक विवाहित मुलगी पूर्वीच वारली असून तिला दोन अज्ञान मुले आहेत. धाकटा मुलगा व्यवहार पुरा करायला तयार आहे. थोरला म्हणतो, "व्यवहार वडिलांनी केला होता, तो त्यांच्याबरोबर गेला, तुमचे पैसे सवडीने परत करू." मध्यस्थाच्या म्हणण्याप्रमाणे मालकांनी त्याला कुलमुखत्यारपत्र दिलेले आहे, तेव्हा त्याच्या सहीने खरेदीखत उरकून घ्यावे. साठेखताची मुदत संपून तीन महिने झाले आहेत. मी काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर: मध्यस्थाची सूचना आपण सर्वांत आधी बाजूला ठेवावी. मुखत्यारपत्र लिहून देणारा मनुष्य वारला की मुखत्याराचा अधिकार तेथेच संपतो, असे भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम २०१ सांगते. त्याला कलम २०२ मध्ये एक अपवाद आहे. परंतु त्यासाठी मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतीत असावा लागतो, आणि दलाली मिळण्याची अपेक्षा हा काही असा हितसंबंध नव्हे. शिवाय दुय्यम निबंधकासमोर दस्त करताना मुखत्याराला, मुखत्यारपत्र लिहून देणारा हयात असून मुखत्यारपत्र रद्द झालेले नाही, असे घोषणापत्र द्यावे लागते. मालक वारल्याचे ठाऊक असताना असे लिहून देणे हा नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ खालील गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे, आणि सर्व माहिती असताना दस्तावर खरेदीदार म्हणून सही करणारे आपण त्यातून नामानिराळे राहाल, असे मला वाटत नाही.

थोरल्या मुलाचे म्हणणेही कायद्याला धरून नाही. करार अधिनियमाच्या कलम ३७ प्रमाणे, करारातून उलट उद्देश दिसत नसेल तर, करार करणाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याचे वारस त्या कराराने बांधलेले राहतात. चित्रकाराने चित्र काढून देण्याचा केलेला करार त्याच्याबरोबर संपतो, कारण तेथे त्याचे स्वतःचे कौशल्य विकत घेतलेले असते. जमीन विकण्याचा करार तसा नसतो. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम १९ खाली वारसांविरुद्धही करारपूर्तीचा दावा चालतो, आणि १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर अशी पूर्तता देणे न देणे पूर्वीसारखे केवळ न्यायालयाच्या मर्जीवर राहिलेले नाही. मात्र साठेखताने आपण जमिनीचे मालक झालेला नाहीत, हेही तितकेच खरे आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ प्रमाणे अशा कराराने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. खरेदीखत करून मागण्याचा अधिकार तेवढा मिळतो.

आता ज्या मुद्द्यावर आपला व्यवहार तरेल किंवा बुडेल, तो आपल्या पत्रात आलेलाच नाही. ही जमीन मालकांनी स्वतः विकत घेतलेली होती की त्यांच्याकडे वडिलार्जित म्हणून आली होती? सातबाऱ्यावर मालकांच्या नावापुढे फेरफाराचा क्रमांक असतो. तो फेरफार गाव नमुना ६ मधून (फेरफारांच्या नोंदवहीतून) काढा आणि त्यावरून मागचा, मग त्याच्याही मागचा, असे जुन्या उताऱ्यांपर्यंत जा. "खरेदीने" अशी नोंद निघाली, तर जमीन स्वकष्टार्जित मानायला आधार मिळतो आणि मालकांनी एकट्याने केलेले साठेखत पूर्ण जमिनीला लागू पडते. एकत्र कुटुंबाची वडिलार्जित जमीन असेल, तर मुलगे जन्मापासून सहदायाद, म्हणजे सहहिस्सेदार, असतात आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही. त्यासाठी ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले आहे. अशा जमिनीत "माझी सही साठेखतावर नव्हती" या थोरल्या मुलाच्या म्हणण्याला वजन येते. मग वडिलांनी कर्ता, म्हणजे कुटुंबप्रमुख, या नात्याने कुटुंबाच्या कायदेशीर गरजेसाठी व्यवहार केला होता, हे आपल्याला सिद्ध करावे लागते, नाहीतर प्रकरण वडिलांच्या हिश्श्यापुरतेच राहण्याचा संभव असतो. बरेच खरेदीदार ही चौकशी साठेखतापूर्वी करत नाहीत आणि मालक वारल्यावर धावाधाव करतात. त्याच बैठकीत "इतर हक्क" या रकान्याकडेही पाहावे. तेथे विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा असू शकतो. कूळकायद्याच्या कलम ४३ चा, म्हणजे कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवर निर्बंध असल्याचा, शेरा असेल, तर खरेदीखताआधी ती अट पुरी करावी लागेल.

जमीन स्वकष्टार्जित आहे असे धरून पुढे लिहितो. मालकांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पत्नी, आई, दोन मुलगे आणि मृत मुलीची शाखा असे पाच समान हिस्से होतात. मृत मुलीच्या हिश्श्यात तिची दोन मुले निम्मी-निम्मी, म्हणजे प्रत्येकी एक दशांशाची वाटेकरी होतात. जावयाला स्वतःचा हिस्सा नाही. तो येतो फक्त मुलांचा पालक म्हणून. वारसांची यादी करताना दोन नावे हमखास गळतात: मालकाच्या आईचे आणि वारलेल्या मुलीच्या मुलांचे. घरातली माणसे "पत्नी आणि दोन मुलगे" एवढेच प्रतिज्ञापत्रावर लिहून देतात, तशीच वारस नोंद होते, आणि त्या नोंदीवर विसंबून घेतलेली जमीन पुढे न्यायालयात अडकते. सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे. त्यावर नाव नसल्याने कोणाचा वारसाहक्क नाहीसा होत नाही. म्हणून वारस नोंद झाली की आपण निर्धास्त झालात, असे समजू नये.

नोंदीची पद्धत साधी आहे. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र आणि अर्ज हे तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून द्यायचे असतात. चौकशी होऊन वारसांची नावे गाव नमुना ६-क मध्ये (वारसांच्या नोंदवहीत) येतात, मग फेरफार घेतला जातो, हितसंबंधितांना नोटिसा जातात आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हक्क मृत्यूच्या क्षणीच वारसांकडे आलेला असल्यामुळे नोंदीविना खरेदीखत बेकायदा ठरते असे नाही. तरीही सर्वांची नावे सातबाऱ्यावर आल्याखेरीज आपण उरलेले पैसे देऊ नयेत, असे माझे मत आहे. वारसांबद्दल शंका वाटली, तर १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घेण्यास त्यांना सांगावे. उत्तराधिकार प्रमाणपत्र नावाचा जो वेगळा दाखला बँकेच्या ठेवींसाठी वा रोख्यांसाठी काढतात, तो जमिनीला उपयोगी पडत नाही.

अज्ञान मुलांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे नैसर्गिक पालकालाही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय अज्ञानाची स्थावर मिळकत विकता येत नाही, आणि परवानगीशिवाय केलेला व्यवहार ते मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत रद्द करून मागू शकते. येथे करार आजोबांचा आहे आणि मुलांकडे हिस्सा आला तोच त्या करारासकट आला, असा युक्तिवाद करता येईल. पण पंधरा लाख रुपये आणखी मोजणाऱ्याने युक्तिवादावर अवलंबून राहू नये. परवानगीचा अर्ज जावयाने करावा, आणि मुलांच्या वाट्याची रक्कम न्यायालय सांगेल त्याप्रमाणे त्यांच्या नावे ठेवली जाईल असे पाहावे. थोरला मुलगा नाहीच ऐकला, तर करारपूर्तीचा दावा सर्व वारसांविरुद्ध लावावा. त्यात पुढे तडजोड झाली, तर अज्ञानांच्या वतीने ती करण्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ नियम ७ खाली न्यायालयाची परवानगी घेता येते, आणि अशा परवानगीने झालेला हुकूमनामा आपल्याला घाईत केलेल्या खरेदीखतापेक्षा पुष्कळ सुरक्षित ठेवतो.

मुदतीबाबत स्वस्थ बसू नका. दाव्यासाठी मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ५४ प्रमाणे तीन वर्षे मिळतात आणि, आपल्या साठेखतात खरेदीखताची तारीख ठरलेली असल्याने, ती त्या तारखेपासून मोजली जातात. मालकांच्या मृत्यूने ती थांबत नाहीत आणि "सुतक फिटू दे, वर्षश्राद्ध होऊ दे" या बोलण्यानेही थांबत नाहीत. परंतु तीन वर्षे आहेत म्हणून अडीच वर्षे गप्प राहणेही महागात पडते, कारण आपण व्यवहार पुरा करायला पहिल्यापासून तयार व राजी होतात, हे आपल्यालाच दाखवावे लागते. म्हणून याच आठवड्यात सर्व वारसांना, जावयालाही पालक म्हणून, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह वकिलाची नोटीस पाठवावी, साठेखताची प्रत जोडावी आणि उरलेले पंधरा लाख रुपये तयार असल्याचे लिहावे. ते पैसे खरोखरच खात्यावर असू द्यावेत. उलटतपासणीत बँकेचा उतारा मागतातच.

उरलेली रक्कम मृताच्या खात्यावर भरू नये व एकट्या थोरल्याच्या हातीही देऊ नये. प्रत्येकाच्या हिश्श्याप्रमाणे वेगळा धनादेश काढावा आणि खरेदीखतात त्याचा क्रमांक लिहावा. आई किंवा पत्नी आपला हिस्सा मुलाला सोडत असतील, तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवे, कोऱ्या कागदावरची संमती पुरत नाही. आणि सगळे फिसकटलेच, तर दिलेल्या नऊ लाखांसाठी, व्यवहार पुरा करण्यास आपण स्वतः गैरवाजवी नकार दिलेला नसेल तर, मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५(६)(ख) प्रमाणे त्या जमिनीवर आपला बोजा असतो. पैसे परत मागण्याची पर्यायी मागणी मात्र दाव्यातच स्पष्टपणे करावी लागते. ती न मागता मिळत नाही.

प्रश्न: माझ्या काकांनी आमच्या शेजारची वीस गुंठे जमीन घेतली. खरेदीखत तयार झाले, मुद्रांक शुल्क भरले, विकणाऱ्याने घरी सर्व पानांवर सह्याही केल्या. पण दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्याच्या आदल्या रात्री त्यांना हृदयविकाराचा झटका आला व ते गेले. नव्याने खरेदीखत करावे लागेल का?
— एक वाचक, कणकवली

उत्तर: नाही, आपल्या काकांची स्थिती पहिल्या पत्रातील वाचकापेक्षा बरी आहे. दस्त निष्पादित झालेला आहे, म्हणजे त्यावर सही झालेली आहे, नोंदणी तेवढी राहिली आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३५ प्रमाणे दस्त लिहून देणारा वारला असेल, तर त्याच्या वारसांनी निबंधकासमोर येऊन सही त्याचीच असल्याचे कबूल केल्यास दस्त नोंदता येतो, आणि कलम ४७ मुळे नोंदणीनंतर तो सहीच्या तारखेपासून अमलात येतो. सहीच्या तारखेपासून चार महिन्यांत दस्त सादर करावा. त्यानंतरच्या चार महिन्यांत अपरिहार्य कारण दाखवून दंड भरून करता येतो. वारसांनी सही नाकारली, तर निबंधक नोंदणी नाकारतील. त्यावर तीस दिवसांत जिल्हा निबंधकांकडे कलम ७३ खाली अर्ज करता येतो. तेथे ज्यांच्यासमोर सही झाली ते साक्षीदार बोलावले जातात, म्हणून त्यांची नावे व पत्ते आजच टिपून ठेवा. दस्तावरची तारीख कोणत्याही कारणाने बदलू नये.

प्रश्न: मी सावंतवाडीचा. गोव्यातील पेडणे तालुक्यात घर व लगतची बाग घेण्याचा करार केला होता. विकणारे वारले. त्यांची पत्नी व मुलगा सह्या करायला तयार आहेत, पण तेथील वकील मुलाच्या पत्नीचीही सही मागतात आणि आधी उत्तराधिकार दस्त करायला सांगतात. हे वेळकाढूपणाचे तर नाही?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: नाही. आपल्याकडील वारस नोंदीचा अनुभव तेथे लावू नये. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा कौटुंबिक कायदा चालत आलेला असून, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते. त्यामुळे विकणाऱ्याच्या पत्नीकडे निम्मा हिस्सा वारस म्हणून येत नाही, तो आधीपासूनच तिचा असतो. आणि मुलाला वारसाने आलेल्या भागात, त्याच्या लग्नाच्या पद्धतीनुसार, त्याच्या पत्नीचाही संबंध पोचतो. २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्याखाली वारस कोण, हे विशेष नोटरीसमोर दस्त करून ठरते, आणि वारसांत वाद किंवा वाटणीचा प्रश्न असल्यास न्यायालयात इन्व्हेंटरीची (मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याची) कार्यवाही करतात. वकिलांकडे त्या दस्ताबरोबर मुलाच्या विवाह नोंदणीचा उतारा मागा, आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर (तेथील सातबाऱ्यासारख्या उताऱ्यावर) बागेत कुळाचे किंवा मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे) नाव आहे का, तेही पाहून घ्या.