चरित्र अभिनेता की सहाय्यक अभिनेता?

पीट पॉसलथ्वेट या इंग्रज नटावर लेख लिहिणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'कॅरेक्टर अ‍ॅक्टर'ला, म्हणजे नायकापेक्षा ठसठशीत, वेगळ्या व्यक्तिरेखा रंगवण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या नटाला, मराठीत 'चरित्र अभिनेता' म्हणावं की 'सहाय्यक अभिनेता'?

'सहाय्यक' आधी बाजूला काढू. तो शब्द नटाची जातकुळी सांगत नाही, त्या एका चित्रपटातली त्याची जागा सांगतो. 'इन द नेम ऑफ द फादर'मध्ये (1993) पॉसलथ्वेट मुलाबरोबर नाहक तुरुंगात पडलेला बेलफास्टचा बाप झाला. त्या कामासाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, तेही सहाय्यक अभिनेत्याच्या गटात. तिथे शब्द चोख बसतो. पण 'ब्रास्ड ऑफ'मधला (1996) डॅनी? कोळशाची खाण बंद पडत असताना कामगारांचा बँड वाजता ठेवणारा हा म्हातारा चित्रपटाचा कणाच आहे. आणि 2008 साली लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरात तो शेक्सपिअरच्या नाटकातला किंग लिअर झाला. लिअर कुणाचा सहाय्यक?

'चरित्र अभिनेता' हिंदीच्या वाटेने आला. हिंदीत चरित्र म्हणजे नाटक-सिनेमातलं पात्रही. मराठी कानाला मात्र चरित्र म्हटलं की शिवचरित्र आठवतं, आणि वागणुकीचा विषय निघाला की आपण 'चारित्र्य' म्हणतो. त्यामुळे नवख्या वाचकाला हा गृहस्थ थोरामोठ्यांच्या जीवनपटांतच कामं करतो असं वाटू शकतं. तरी शब्द आता रुळला आहे, हाकलण्याचा हट्ट मी धरणार नाही. फक्त 'चरित्रात्मक भूमिका' असं लिहू नका, तिथे अर्थ खरोखरच बदलतो.

'बहुरूपी' हा शब्द मोहात पाडतो, पण बहुरूप्याचा भर सोंगावर असतो. पॉसलथ्वेटची वर आलेली गालफडं कुठल्याच वेशात लपत नसत. 'शार्प' या दूरचित्रवाणी मालिकेतला नीच सार्जंट हेक्सविल आणि डॅनी यांचा चेहरा एकच, माणसं दोन. (हेक्सविल आधी पाहिला असेल तर डॅनीवर विश्वास ठेवायला जरा वेळ लागतो.)

तेव्हा लेखात सरसकट 'चरित्र अभिनेता' चालवा. वाक्यात ऐसपैस जागा असेल तिथे 'व्यक्तिरेखा उभी करणारा नट' लिहा, मला तेच जास्त आवडतं. 'सहाय्यक' ऑस्करच्या वाक्यापुरताच ठेवा. 'दुय्यम नट' मात्र कुठेच नको.