रेघेशेजारी कारणही लिही
ट्रेडिंगव्ह्यूवर, म्हणजे शेअरचे चार्ट बघायच्या साइटवर, भावाच्या रेघा मारण्याआधी लेआउटला (चार्टच्या मांडणीला) नाव दे आणि ऑटोसेव्ह चालू आहे ना, ते बघ. रेघ त्या सिम्बॉललाच, म्हणजे त्या बाजारातल्या त्या शेअरच्या नावालाच, चिकटते. रिलायन्सच्या एनएसई चार्टवर मारलेली बीएसईवर शोधत बसू नकोस.

नुसती रेघ मात्र पुरत नाही. शेजारी टेक्स्ट टूलने तारीख आणि कारण लिही: ‘इथे तीनदा आधार मिळाला (भाव पडायचा थांबला), भाव याखाली बंद झाला तर विकून बाहेर.’ सहा महिन्यांनी तेच कामी येतं. माझ्या जुन्या नोंदी मी आजही वाचतो.

आणि हो, बोनस झाला की रेघा तपास. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट, त्यामुळे मागचे भाव चार्टवर निम्मे झाले. ३००० रुपयांवरची जुनी रेघ हातानेच १५०० वर आणावी लागते.